चिलखताची शिवण

सर, गेल्या थंडीत आमच्या लोकांनी माझी गाडी सुरुंगावर ठेवून उडवली, ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. मावशीला फोनवर सांगितलं होतं. ती घाबरून म्हणाली, "मग आता कामाला कशानं जातीस, बसनं?" तिला वाटलं माझी स्कूटी. मी समजावत बसले नाही, कारण समजावायचं तर मी काय काम करते तिथपासून सुरुवात करावी लागली असती आणि ते उमापुरात अजून कुणालाच धड माहीत नाही. तुम्हाला कळलं असतं. तुम्ही जाऊन आता बारा वर्षं होतील, पण या गोष्टीत कुठं हसायचं आणि कुठं गप्प बसायचं हे न सांगता कळेल असा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

तुमच्यापर्यंत मी पोचले तीच मुळात चुकून. अप्पांचं उमापुरात कापडाचं दुकान. मुलगी आयटीआयला जाऊन शिवणकाम शिकेल, दुकानाच्या मागच्या खोलीत मशीन टाकेल, कापड घेणारी बाई शिलाईसाठी दुसरीकडे जाणार नाही, असा त्यांचा साधा बेत होता. फॉर्म बाजारातल्या सायबर कॅफेत भरला. तिथला माणूस एका हाताने भजी खात होता आणि दुसऱ्या हाताने कोड टाकत होता. यादी लागली तेव्हा माझ्या नावापुढे वेल्डर असं छापलेलं. अप्पांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "हे कपड्यातलंच काही असतंय का?"

ती सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. तुम्ही शेडच्या दारात उभे आहात. अंगातल्या शर्टाला ठिणग्यांची इतकी भोकं आहेत की आतल्या बनियनवरचा छाप वाचता येतो. अप्पा धोतराचा सोगा सावरत पुढे होतात आणि मी त्यांच्या मागे नवीन ड्रेस घालून, कपाळाला भस्म लावून.

"कावून आलाव?" तुम्ही विचारता.

"चूक झाली, सर. पोरीला शिवणकामाला टाकायचं हुतं. नाव इथं आलं."

"मग बदलीचा अर्ज करा."

"केलाय. पण तवर पोरीनं बसावं कुठं?"

तुम्ही माझ्याकडे न बघता माझ्या हातांकडे बघता. "तवर बसू द्या इथंच. हे बी शिवणच हाय. दोन तुकडे घ्यायचे, जोडायचे. उसवलं की पुन्हा जोडायचं. फकस्त आमची सुई पोळती."

"पोळती म्हंजी किती?" अप्पांनी अगदी गंभीरपणे विचारलं. तुम्ही उत्तर न देता शर्टाची बाही वर केली. अप्पा घरी गेले आणि दुसऱ्याच आठवड्यात कपिलधारला जाऊन मन्मथस्वामींना नवस बोलून आले, की पोरीची बदली होऊ दे.

बावीस मुलं आणि मी. पहिल्या दिवशी मागच्या बाकावर खसखस सुरू झाली तेव्हा तुम्ही खडू खाली ठेवलात. "हसायलाव कशाला बे? तुमच्यातले आर्धे बी चुकूनच आलेत. ही निदान सांगायली तरी." त्यानंतर कुणी हसलं नाही. पण हातमोज्यांचा प्रश्न उरला. शेडमधले सगळे मोजे पुरुषी मापाचे. माझा हात त्यात गेला की वेल्डिंगची कांडी धरायचा होल्डर एकीकडे आणि बोटं दुसरीकडे. आठवड्याभराने तुम्ही कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यापुढे ठेवलंत. जुन्या मोज्यांचं कातडं कापून, चांभाराचा दोरा आणून, तुम्ही स्वतः रविवारभर बसून माझ्या मापाचे मोजे शिवले होते. मी ते घातले. मग काढले. मग परत घातले. सर, ते दोन्ही डाव्या हाताचे होते. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत, जरा वेळ विचार केलात आणि म्हणालात, "एक उलटा करून घाल." उलटा केला तर केसाळ बाजू बाहेर आली. वर्षभर मी एक हात माणसाचा आणि एक हात अस्वलाचा घेऊन वेल्डिंग केलं.

तुमची तोडायची सवय मला पहिले दोन महिने कळलीच नाही. दर शनिवारी प्रत्येकाचा आठवड्याचा जॉब, म्हणजे जोडलेल्या पट्ट्या, तुम्ही व्हाइसच्या जबड्यात आवळायचात आणि घणाने ठोकायचात. पट्टी वाकली आणि जोड शाबूत राहिला तर "हं." जोडातून तुटली तर तो तुकडा ज्याचा त्याच्या हातात द्यायचात आणि पुढच्याकडे वळायचात. तिसऱ्या महिन्यात मला एक जोड असा साधला की मी स्वतःच त्याच्याकडे बघत राहिले. एकसारख्या लाटा, एक जाड नाही, एक बारीक नाही, आईने घातलेल्या वेणीसारखा. तुम्ही त्याच्यावरून बोट फिरवलंत. सगळ्या मुलांना जवळ बोलावलंत. "बघा बे. लई सुंदर हाय." मी फुगले. आणि मग तुम्ही तो व्हाइसमध्ये लावलात. तिसऱ्या घावाला तो बिस्किटासारखा तुटला. आत वितळलेल्या मळाची काळी खपली भरलेली होती.

मी मास्क तोंडावर ओढून घेतला. तुम्ही शेजारी येऊन उभे राहिलात. "काचेमागं रडता येतंय, ती एक सोय चांगली हाय तुमची. रडून झालं की ह्ये बघ." आणि तुकड्यावर नखाने दाखवलंत. "इथं थांबलीस तू. कावून थांबलीस?"

"बघत होते."

"काय?"

"चांगला आला होता म्हणून."

तुम्ही तो तुकडा माझ्या हातात ठेवलात. मग म्हणालात, "हात चालू असताना बघायचं न्हाई. आन् थांबलीच, तर तिथनंच सुरू करायचं न्हाई. जरा मागं यायचं, घासायचं, तापवायचं, मग पुढं." एवढं बोलून तुम्ही चहाला गेलात. त्या दिवशी मी तुमचा राग राग केला. घरी जाऊन जेवले नाही. अप्पांना वाटलं बदली होत नाही म्हणून पोरगी खंगली, आणि त्यांनी नवसात नारळ वाढवले.

आता एक गोष्ट सांगते. बदलीचं पत्र आलं होतं. चौथ्या महिन्यात, कार्यालयातल्या बाईंनी माझ्याच हातात दिलं. शिवणकामाच्या वर्गात जागा रिकामी झाली होती. मी ते घेऊन शेडमध्ये आले, टेबलावर ठेवलं, वरून जॉब ठेवला आणि काम सुरू केलं. कडेने आधी पिवळं पडलं, मग तपकिरी, मग गेलं. मी हात थांबवला नाही. तुम्ही लांबून विचारलंत, "काय जळायलंय?" मी म्हणाले, "चिंधी." अप्पा त्यानंतरही दोनदा कपिलधारला जाऊन आले. स्वामींनी ऐकलं होतं हे त्यांना मी कसं सांगणार होते?

तुम्ही गेलात तेव्हा मला नोकरी लागून वर्ष झालं होतं. चिलखती गाड्या बनवणारा कारखाना. जवान आत बसतात, बाहेरून गोळ्या लागतात, खालून सुरुंग फुटतात आणि तरी आतली माणसं जिवंत राहावीत अशी गाडी. शेजारच्या शेडमध्ये लष्करी हेलिकॉप्टरचे भाग बनतात. तिकडची माणसं पांढरे हातमोजे घालून फिरतात आणि आमच्याशी जरा वरूनच बोलतात. अप्पांनी गावात सांगितलं की पोरगी पुण्याकडे मोठ्या कंपनीत शिवणकामाला आहे. खोटं म्हणावं तर तुमचंच वाक्य होतं ते. पण त्यामुळे झालं असं की मी दिवाळीला घरी गेले की बायका ब्लाऊजपीस घेऊन येतात. मावशी तर अस्तरासकट. पहिल्या वर्षी मी म्हटलं, मशीन कंपनीतच राहिलं. दुसऱ्या वर्षी मावशीनेच शेजारचं मशीन उचलून आणलं. आईने मागच्या दाराने कापड गेवराईच्या टेलरकडे पाठवलं आणि दोन दिवसांनी माझ्या नावाने परत आणलं. मावशी घालून बघून म्हणाली, "काखेत जरा काचतंय. पण कंपनीचा हात लपत न्हाई." आता मला दर दिवाळीला सहा-सात ब्लाऊज शिवावे लागतात. टेलर मला ओळखतो. आदराने वागवतो.

तर ती गाडी. नव्या नमुन्याची पहिली. चाकं, इंजिन काही बसवायच्या आधी नुसत्या पोलादी सांगाड्याला आम्ही डबा म्हणतो. त्या डब्याचं पोट खाली निमुळतं असतं, होडीसारखं, म्हणजे स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना फाकतो. पोटाच्या पत्र्याचा आणि बाजूच्या भिंतीचा जोड माझ्याकडे होता. ते पोलाद मोठं मानी. कमी तापवलं तर तडकतं, जास्त तापवलं तर मऊ पडतं आणि मग ते चिलखत राहत नाही, नुसता पत्रा होतो. कित्येक आठवडे मी त्या डब्याच्या पोटाखाली होते. पहिला जोड टाकायच्या आधी मी हळद-कुंकू लावून नारळ फोडला होता. मला वाटत होतं, पहिली गाडी म्हणजे ती मोठ्या लोकांना दाखवतील, झेंडा लावून फिरवतील, आणि अप्पांना टीव्हीवर दाखवता येईल.

एक दिवस चाचणी विभागाचे साहेब आले. पूर्वी फौजेत होते, मिशा अजून फौजेतच आहेत. डब्याभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "छान. सोमवारी उचलू. बुधवारी उडवू."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कुठं उडवू?"

"सुरुंगावर. पहिला डबा त्यासाठीच असतो, ताई. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

सर, मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी साहेबांच्या मागे मागे दारापर्यंत गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, हा नको. मागच्या बाजूला दुसरा डबा उभा आहे, तो न्या. त्यात तसंही दोन ठिकाणी जोड बरोबर नाहीत."

साहेब थांबले. "म्हणजे खराब उडवायचा आणि चांगला ठेवायचा?"

"हो."

"आणि चांगला टिकतो की नाही ते न बघताच त्यात जवानांना बसवायचं?"

साहेबांनी खिशातून वही काढली. "बरं, आता त्या दोन जागा कोणत्या ते सांगा." दुसऱ्या डब्यावर काम करणारे दोघं महिनाभर माझ्याशी बोलत नव्हते. डबा पहिलाच गेला.

मला साक्षीला बोलावलं. चाचणीची जागा म्हणजे ओसाड माळ, उमापूरच्या बाहेर असतो तसाच, फक्त कुंपण घातलेला. लांब काँक्रीटच्या भिंतीमागे आम्ही. डब्यात सीटवर पट्टा बांधलेला माणसाच्या मापाचा पुतळा, लष्करी गणवेश घातलेला, बूटसुद्धा. त्याच्या अंगात तारा होत्या, हाडांना किती मार लागला ते मोजायला. सगळी तयारी झाली, पोहे खाऊन झाले, भोंगा वाजवायचा, तेवढ्यात दुर्बीण लावलेला माणूस म्हणाला, "थांबा. खाली कुत्रं आहे."

माळावर सावली तेवढी एकच, माझ्या डब्याची. त्यात एक तांबडं कुत्रं ऐसपैस झोपलेलं. मग सुरुंगाच्या तारा सोडवल्या, तिघं मोठे शास्त्रज्ञ जीपमधून गेले. लांबून आम्हाला दिसत होतं, एक जण बिस्किटं दाखवत होता, एक जण टाळ्या वाजवत होता, तिसरा डब्याखाली वाकून त्याच्याशी इंग्रजीत बोलत होता. कुत्र्याने बिस्किटं खाल्ली आणि पुन्हा झोपलं. तासाभराने साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, तुमच्याकडे काय म्हणतात कुत्र्याला?" मी गेले. वाकले, एक ढेकूळ उचललं आणि अप्पा दुकानाच्या पायरीवरून हाकलतात तसं, पोटातून, "हाड" म्हटलं. ते कुंपणाबाहेर गेलं. जाताना मी हळूच डब्याच्या पोटावरून हात फिरवला. शास्त्रज्ञांनी ते बघितलं आणि दुसरीकडे बघितलं.

स्फोट असा आधी ऐकू येत नाही, सर. आधी पायांखालची जमीन वर येते. मग आवाज, मग धूळ. धूळ खाली बसली. डबा उचलला जाऊन तिरका पडला होता. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मास्क नव्हता. साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुतळा ठीक असेल, ताई. काळजी नको." पुतळा ठीक होता. मणका, पाय, मान, सगळं हिरव्या रेघेच्या आत. टाळ्या झाल्या. मी मात्र सरळ जाऊन पोटाखाली वाकले. पोलाद परातीसारखं आत गेलं होतं आणि त्याच्या काठाने माझा जोड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धरून बसला होता. फक्त डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या जागेजवळ, वीतभर उघडला होता. आत बोट जाईल एवढा.

ती वीत मला पाठ होती. तिथं मी थांबले होते. कारण काही नव्हतं, दिवसभर जोड असा उतरला होता की मी मास्क वर केला आणि बघत बसले. पोलाद निवलं. मग जेवणाच्या आधी संपवायचं म्हणून तिथूनच पुढे सुरू केलं. मागे गेले नाही, घासलं नाही, तापवलं नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात कागद भरायला बसलो. साहेब स्वतःहून म्हणाले, "पत्र्यातला दोष असेल. तसं लिहिता येईल." मी म्हणाले, "पत्रा चांगला होता. हात थांबला होता." का थांबला होता ते त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, बघत होते. ते मिशीत हसले. "पंचवीस वर्षं हे कागद भरतोय. असं कारण पहिल्यांदा लिहितोय." लिहिलं मात्र. मला शिक्षा झाली नाही. उलट पुढच्या डब्याचा तोच जोड पुन्हा माझ्याकडेच दिला, आणि निवलेलं पोलाद मागे येऊन तापवूनच पुढे घ्यायचं, हा नियम लेखी होऊन भिंतीवर लागला. खाली साहेबांची सही. सर, तुमचा नियम आमच्या शेडमध्ये इंग्रजीत लावलाय आणि लोक त्याला साहेबांचा नियम म्हणतात.

तो नवा डबा गेल्या महिन्यात उडवला. या वेळी कुत्र्याला आधीच हाकललं होतं. जोड कुठंच हलला नाही. मी पोटाखाली जाऊन दोनदा बोट फिरवलं, एक केस जाईल एवढीही जागा नव्हती. साहेब बाहेरून म्हणाले, "आता बघत बसा हवं तेवढं." मी बसले. पुतळा पुन्हा सुखरूप होता. या वेळी मला त्याच्याबद्दलही बरं वाटलं, कारण पुढच्या वेळी त्या सीटवर बूट घातलेला खरा कुणीतरी असणार, आणि त्याचीही कुणी मावशी असणार.

हे पत्र तुमच्या घरी, काकूंच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. त्या अजून तिथंच राहतात असं कळलं. त्यांना मोज्यांचं वाचून हसू आलं असतं. पण पाठवणार नाही, कारण एक गोष्ट राहिली आहे आणि ती त्यांनी वाचू नये.

पहिल्या स्फोटानंतरच्या त्या कागदात शेवटी एक रकाना होता: जोड उघडला त्या वेल्डरचं प्रशिक्षण, संस्था आणि शिक्षकाचं नाव. संस्थेचं नाव मी सांगितलं. शिक्षकाच्या नावापाशी थांबले. साहेबांनी पेन धरून विचारलं, "कुणी शिकवलं?" उघडलेल्या जोडाखाली तुमचं नाव जाणार होतं, आणि ते माझ्या तोंडातून निघेना. मी म्हणाले, आता आठवत नाही. दुसऱ्या वेळी मी ठरवून गेले होते की तुमचं नाव सांगायचं, आडनावासकट. सही करायच्या आधी सगळी पानं पुढून मागून चाळली. साहेब म्हणाले, "काय शोधताय? तो रकाना फक्त जोड उघडल्यावर लागतो." मग मी सही करून आले. तेव्हा आमच्या कारखान्याच्या कपाटात पहिल्या गाडीची फाइल आहे, त्यात तुमच्या नावाच्या जागी 'आठवत नाही' असं लिहिलंय, आणि खाली माझी सही आहे.